मी आत होतो

जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. समोर एक वयस्कर मुसलमान शिंपी बसतात. एका सकाळी ट्रॅक्टर मागे घेताना ड्रायव्हरनं मागे पाहिलंच नाही आणि सायकलवरून येणारे शिंपी चाकाखाली आले. पाय मोडला. मी काउंटरवर उभा होतो, सगळं पाहिलं.

पोलिसांची जीप आली. साहेबांनी आतूनच विचारलं, "कोणी पाह्यलं बे?" चौकात कोणी बोलेना. माझ्यावर नजर आली तेव्हा मी म्हणालो, "मी तं आत होतो." खोटं बोलताना फारसं काही वाटलं नाही. वडिलांनी एकदा पोलिसांच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली होती. पुढे कित्येक वर्षं ते कोर्टाच्या तारखांना जात राहिले. ठाण्यात त्यांना कोणी 'बसा' असंही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक महिला हवालदार पायीच दुकानात आल्या.

"काका, काय दिसलं तेवढं सांगा. लिहून वाचून दाखवते."

"मले कोर्टात या लागीन का?"

"हाव, या लागीन. खोटं कायले सांगू?"

नाही म्हणाल्या असत्या तर मी बोललो नसतो. मी सांगितलं. त्यांनी वाचून दाखवलं, त्यात 'भरधाव वेगाने' असं होतं.

"भरधाव नव्हता," मी म्हणालो. "त्यानं मांगं पाह्यलं नाई, एवढंच."

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. मी सही केली.

कोर्टात ड्रायव्हरच्या वकिलानं विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही काहीच पाहिलं नाही म्हणालात. मग खोटं कधी बोललात?"

"पहिल्या दिवशी, साहेब. भेलो होतो."

ड्रायव्हरला शिक्षा झाली. ट्रॅक्टरवाल्यांच्या घरच्यांचं माझ्या दुकानात येणं बंद झालं.

शिंपी आता एकाच पायानं मशीन चालवतात. शर्टाचं माप घेताना त्यांनी एकदा विचारलं, "भाऊ, पयल्या रोजी काऊन नाई बोलले?" मी बाहीसाठी हात लांब केला. त्यांनी बाहीचं माप लिहून घेतलं.

त्या हवालदारबाईंची पुढे बदली झाली. त्यानंतर चौकात आणखी दोन अपघात झाले, दोन्ही वेळा जीप आली. एकदा मी पुढे जाऊन पाहिलेलं सांगितलं. दुसऱ्यांदाही मी पाहिलं होतं, पण साहेब पुन्हा जीपच्या आतूनच ओरडले, आणि मी दुकानात वह्या लावत राहिलो.