रस्ता वर, गाडी खाली

आमच्या मायनं सौंसर सोडलं त्या दिवशी निरोपाला अर्धी गल्ली जमली होती, आणि त्यातली अर्धी माझी नवी गाडी बघायला आली होती. गाडी मी दाराशी अशी ऐटीत आडवी लावली होती की कोणाला साधी सायकल काढता येऊ नये. माय मागच्या सीटवर बसली, तुळशीची कुंडी मांडीवर घेतली, आणि काच खाली करून सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "मी जवा म्हणीन तवा घरी आणून सोडशील ना? त्याच दिवशी. उद्या-परवा नाही."

"त्याच दिवशी," मी बोनेटवर हात ठेवून म्हणालो. जसं काही ते बोनेट नव्हतंच, जामसावळीचा मारुती होता.

"तुम्ही सगळे गवाह आहा बरं," माय म्हणाली. मग मी गाडी मागे घेतली आणि शेजारच्या गजूभाऊच्या ओट्याचा कोपरा उडवला.

बाबा गेल्यावर माय घरात एकटी होती. मी नोकरीपायी केव्हाचाच मध्य प्रदेशाची हद्द ओलांडून नागपूरला आलो होतो, आणि दर सुटीत तिच्यामागे लागत होतो की आता तूही चल. ती एवढ्या एका अटीवर कबूल झाली. माझ्यासारखे जे तिकडून इकडे आले, त्यांना अशा अटी माहीत असतील. जे तिकडेच राहिले, त्यांनी खुशाल हसावं.

नागपुरात आम्ही राहतो ते बर्डीच्या बाजाराच्या मागच्या अंगाला. पूर्वी इथं बंगले होते, अंगणात आंबे होते म्हणतात. आता अपार्टमेंट, कोचिंग क्लास, मुलींची होस्टेलं आणि दातांचे दवाखाने. बाजार जवळ, मेट्रो जवळ, सगळं पायी जाण्यासारखं. म्हणून मी इथं फ्लॅट घेतला. आणि मग, सगळं पायी जाण्यासारखं असताना, गाडी घेतली. कारण मायची अट.

फ्लॅट तळमजल्यावर, खिडकी रस्त्यावर. माय सकाळपासून तिथं बसे. सौंसरला ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा थांबतो, विचारतो, सल्ला देतो, चहा पितो आणि आपलं काम विसरून घरी जातो. इथं कोणी थांबत नसे, पण तोंडं तरी दिसायची. माय हात करायची. होस्टेलच्या पोरी तिला 'हाय आजी' म्हणायला लागल्या होत्या. ती मला सांगे, "पोरी चांगल्या हायेत रे, पण जेवत नाहीत."

सगळं बरं चाललं होतं. मग मला समाजसेवा सुचली.

आमच्या गल्लीत खड्डे फार. मी ठरवलं, सिमेंटचा रस्ता आणायचा. इथं मला लोक 'एमपीवाले' म्हणतात, तिकडच्या कचेरीत आम्ही 'मराठी लोग', तेव्हा कुठं तरी आपलं नाव व्हावं असं मला फार वाटत होतं. मी घरोघर फिरलो, सह्या घेतल्या, महापालिकेच्या साहेबांच्या दारात उभा राहिलो. रस्ता मंजूर झाला. मी नारळ फोडला, पेढे वाटले, मिक्सरच्या गाडीला टेकून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वरच्या मजल्यावरचे वासाडे काका तेवढे म्हणाले, "भाऊ, गाडी बाहेर काढून ठेवा. काम कसं करतीन, काही सांगता येत नाही."

"छे हो काका, बाहेर सिमेंट उडेल. रंग खराब होतो," मी म्हणालो. पुढारी माणूस. मी गाडीवर कव्हरही घातलं.

कंत्राटदाराच्या माणसांनी जुना रस्ता खणलाच नाही. त्याच्याच डोक्यावर नवा ओतला. मग सिमेंट पक्कं व्हावं म्हणून वर पाण्याची आळी बांधली, गल्लीभर धानाच्या शेतातली बांधी दिसावी तशी. पाणी आटलं, मी फाटक उघडायला गेलो, तर फाटक उघडेना. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं, आणि बाहेर आता मांडीएवढी सिमेंटची भिंत होती. रस्ता वर, आम्ही खाली. गाडी कव्हर घालून, एकही ओरखडा नसलेली, कायमची आत.

रॅम्प करावा तर उतार आत घ्यावा लागतो, आणि आत गाडीपुरतीच जागा. इंजिनीअर आला, त्यानं टेप लावला, मान हलवली आणि चहा पिऊन गेला. दुसरा आला, तोही चहा पिऊन गेला. आम्ही माणसं विटांच्या पायरीवरून चढउतार करायला लागलो. मायला गुडघ्यांनी ती पायरी जमेना.

खिडकीतून आता तोंडं दिसेनात. टायर दिसत आणि पाय दिसत. मग माय चपलांवरून माणसं ओळखायला लागली. "वासाडे आले, पाह्य. डावा पाय घासत चालते." मी हसलो. ती हसली नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "बाबू, मले घरी जायचं हाय."

"काही काम आहे का?"

"काम कायले पाहिजे? घर हाय."

मी म्हटलं, जाऊ ना, रॅम्प होऊ दे. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तिनं माझं बोलणं तोडलं. "तू रॅम्पची गोष्ट करून राहिला. मी घरची गोष्ट करून राहिली. बस बंद झाली का सौंसरची?"

बस बंद झाली नव्हती. दिवसभर बसगाड्या सुटतात. मी मात्र कारणं काढली. बसमध्ये गर्दी, धक्के, तुझे गुडघे, ऊन. खरं सांगायचं तर ज्या गल्लीसमोर मी बोनेटवर हात ठेवून बोललो होतो, त्या गल्लीत मायला पिशवीसकट बसमधून उतरवायची मला लाज वाटत होती. गजूभाऊनं ओट्याचा कोपरा अजून बांधला नाही, आल्यागेल्याला दाखवतो म्हणे. एवढ्यासाठी मी माझ्या आईला खड्ड्यात बसवून ठेवलं होतं. आणि मीही तिच्या शेजारीच बसलो होतो, रोज इंजिनीअरला फोन करत.

एक दिवस ऑफिसातून आलो, तर खिडकीत माय नाही.

"गेल्या," बायको म्हणाली. कणीक मळत होती, वरही बघितलं नाही. "वासाडे काकांनी वरून हात दिला, मी खालून आधार दिला, प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या. मी ऑटोनं बसस्टँडवर नेलं. खिडकीची सीट मिळाली. तुम्हाला विचारलं असतं तर रॅम्प झाल्यावर गेल्या असत्या."

मी फोन केला. मायनं लगेच उचलला. मागे बायकांचा गलका होता.

"पोचली बाप्पा मी. सारे ओट्यावर बसलो आहो. गजूची बायको भाकर घेऊन आली."

"गुडघे?"

"हायेत जागेवर."

मग तिनं विचारलं, "तू कवा येतं?"

"गाडी निघाली की येतो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"गाडी अडकली हाय, समजलं," माय म्हणाली. "तू काऊन अडकून राहिला?"

खिडकीबाहेर कोणाचे तरी बूट थांबले, पुढे गेले. इतकी वर्षं मी समजत होतो की घर तिकडे आहे आणि ते मी इथून सांभाळतो, तिला नेतो, आणतो, ठेवतो. आणि ती माझ्या वचनाशिवाय, माझ्या गाडीशिवाय, एका स्टुलावर पाय ठेवून निघून गेली होती. उरलो होतो मी.

"उद्याच येतो," मी म्हणालो. "बसनं."

"उद्या नको येऊ. उद्या आम्ही साऱ्या बाया जामसावळीले चाललो. घरी कोणी नाही राहत." तिनं बायकांना काहीतरी विचारलं, सगळ्या हसल्या. "परवा ये. जेवायले ये. अन् गजूच्या ओट्यासाठी दोन इटा घेऊन येजो."