मुक्या बाई

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंना आमच्या गावाने ‘मुक्या बाई’ असं नाव ठेवलं होतं. कारण मुलासमोर बसल्या की त्या बोलायच्याच नाहीत, नुसत्या थांबायच्या. आम्ही आया मधेच “म्हण बाळा, म्हण” करू लागलो की डोळे वटारायच्या. “तुमी गप बसा. तुमच्या बोलण्यात लेकराला जागाच ऱ्हात न्हाई.”

आमचं गाव दिंद्रुडच्या बाजूला. तिथल्या दूध संकलन केंद्राची मागची खोली सहकारी संघाने न बोलणाऱ्या मुलांसाठी दिली होती. बाई ठरलेल्या वारी अंबाजोगाईहून एसटीने यायच्या. माझी रेणू तेव्हा चार वर्षांची, स्वमग्न. हाक मारली तर बघायची नाही. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत न्यायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, बोलेल ना ही? बाईंनी धीर वगैरे दिला नाही. “बोलेल असं मी म्हणत न्हाई. मागायला शिकेल का, ते बघू.” मला त्यांचा रागच आला.

सगळ्यांना एकच धडा देण्याचा त्यांना तिटकारा होता. एकाला टायरच्या ट्यूबवर बसवून झुलवायच्या आणि मधेच थांबायच्या. दुसऱ्यासाठी गाणं म्हणायच्या आणि शेवटचा शब्द गाळायच्या. ज्याला आवाज सोसत नसे, त्याच्यापुढे चित्रं मांडायच्या. रेणूला नाद होता ओतत्या पाण्याचा, आणि साल दुष्काळाचं. टँकर आला की बायका एकमेकींच्या अंगावर जायच्या. बाईंनी घरी येऊन तांब्याभर पाणी मागितलं, तेव्हा सासूबाई कडाडल्या, “प्यायला न्हाई, अन् हिला खेळायला पाणी?” भांडी विसळलेलं द्या, नंतर म्हशीला पाजा, असं बाईंनी सुचवलं. मग घमेल्यात थोडं ओतायच्या, हात आवरायच्या आणि रेणूच्या तोंडाकडे बघत राहायच्या. रेणू ओढायची, रडायची, अंग टाकायची. उन्हाळा निम्मा सरला तेव्हा ती म्हणाली, “वत.” मी घाईने सुधारायला गेले, ‘ओत’ म्हण. बाई माझ्यावर खेकसल्या, “घरात तुमी ‘वत’च म्हणता ना? मग तिचा शब्द तोच.” त्यानंतर सासूबाई रेणूचं पाणी स्वतः राखून ठेवू लागल्या.

संघाच्या चेअरमनना मात्र दाखवण्याजोगं काही हवं होतं. वार्षिक सभेत सगळी पोरं एका रांगेत उभी करा, कविता म्हणवून घ्या, असा त्यांचा निरोप आला. बाई मला घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “साहेब, यातली काही लेकरं अजून आईला आई म्हणत न्हाईत. सभेत कविता कुणासाठी म्हणायची?” चेअरमन हसले. “बाई, दूध लई घटलंय. जे दिसत न्हाई, त्याला संघानं कुठवर पोसायचं?”

सभेचा मांडव पडला, सत्कार झाले, शाली वाटल्या, आमच्या पोरांची कविता तेवढी झाली नाही. त्यानंतर काही दिवसांतच ती खोली पेंडीच्या पोत्यांना दिली. दुष्काळात जनावरं आधी, असं आम्हाला ऐकवलं. गावातली निम्मी जनावरं तर केव्हाच चारा छावणीला गेली होती.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी रेणूला नवा शब्द दिला. आमची म्हैस छावणीला नेली, “गेली”. एसटी वळणाआड झाली, “गेली”. पाणी, भाकर सोडून हे कशाला शिकवता, म्हणून मी चिडले.

“आता हिला हाच शब्द लागणार हाय,” बाई म्हणाल्या. “मी यायची बंद झाले की वाट बघत बसेल. निदान काय झालं, ते तिला म्हणता यावं.”

पुढे त्या पुण्याकडे गेल्याचं कानावर आलं, तेवढंच.

बाई यायच्या बंद झाल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यात, त्यांच्या नेहमीच्या वारी, रेणू मला ओढत त्या खोलीपाशी घेऊन गेली. दाराला कुलूप होतं, फटीतून पेंडीचा वास येत होता. तिने कुलूप हलवून पाहिलं, दारावर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता स्पष्ट म्हणाली, “बाई गेली.”

आयुष्यात पहिल्यांदा तिने दोन शब्द जोडले होते. हे ज्यांना धावत जाऊन सांगावं, त्यांचीच बातमी ती मला देत होती.