दादाची राहिलेली तपासणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तशी आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धतच नाही — बघा, लगेच घरावर ढकलायला निघालो. पाच वर्षं हेच करतोय.

दादा, माझा मोठा भाऊ. बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात पस्तीस वर्षं पाळ्या केल्या त्यानं. साठीला निवृत्त झाला तेव्हाही मंडळाच्या गणपतीची मूर्ती पाटासकट उचलायला पहिला हात त्याचाच. आणि दोन वर्षांत हा माणूस सोफ्यावर बसला तो बसलाच. पोट सुटलं, दंड वाळले. पेपर हातात आणि डोळे मिटलेले. कमाटीबागेत फिरायला चल म्हटलं की, "उद्या."

वैताग यायचा हो. खालच्या मजल्यावर तो, वर मी. वहिनी रोज जिन्यात गाठायची. "भाऊजी, तुम्ही तरी बोला ह्यांच्याशी. पंख्याचं बटण दाबायलासुद्धा मी लागते." बोलायचो म्हणजे काय — टोमणे मारायचो. "सरकार उठले का?" हे माझं. बडोद्याचं संस्थान गेलं पण आमच्याकडे एक संस्थानिक उरलाय, हेही माझंच. सगळे हसायचे. दादाही हसायचा. पुढे अख्खं घर त्याला 'सरकार' म्हणायला लागलं.

शेवटी मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, पडद्याआड तपासलं आणि पाच तपासण्या लिहून दिल्या. पाचवी टेस्टोस्टेरॉनची. "ही सकाळी उपाशीपोटीच करा," असं मला दोनदा बजावलं.

आता ऐका. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो, मागची बाकं खिदळली की डोळे वटारतो. पुरुषाच्या हाडांना, स्नायूंना, मनाच्या उभारीला हे संप्रेरक लागतं. वय वाढलं की कमी होतं, काहींचं फारच — मला पाठ आहे सगळं. मग?

सयाजीगंजची लॅब, सकाळची गर्दी. दादा आतल्या खोलीत, दाराआड, बाही वर करून बसलेला. काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भाई, आ टेस्टोस्टेरोन पण करवानुं छे ने?" माझ्या मागे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी उभे. वाटलं, संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत, अख्ख्या घडियाळी पोळभर, बोभाटा होणार. दादाची लाज जाईल म्हणून — नाही, खोटं आहे. त्याचा भाऊ म्हणून माझी जाईल, म्हणून. मी म्हणालो, "ना, ना. ए रहेवा दो."

ती राहू द्या. एवढंच. दोन-तीन सेकंद लागले असतील.

दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं. दुसरीकडे जाता आलं असतं, जिथे कुणी ओळखत नाही. का नाही गेलो? रिपोर्ट दाखवायलाही मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, "पाचवा कुठाय?" मी म्हणालो, "घरी राहिला. पण नॉर्मल आहे." आकडा मागितला असता तर आकडाही दिला असता. मास्तर माणूस — त्यांनी विश्वास ठेवला. निवृत्तीनंतरची उदासी असेल, म्हणाले, चालायला लावा.

आणि घरी येऊन मी काय सांगितलं असेल? "सगळं उत्तम आहे. नुसता आळस." त्यानंतर तर 'सरकार' म्हणायला मला जास्तच जोर आला.

तीन वर्षांनी दादा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना घसरला. बेताचंच पडला, पण खुब्याचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्यानं कसं, म्हणून हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तपासलं. हाडं विरळ झालेली. मग तीच तपासणी — आणि टेस्टोस्टेरॉन कमी, फारच कमी. "आधी कधी केली होती का?" वहिनी शेजारीच होती. मी म्हणालो, "कुणी सांगितलीच नव्हती." तेव्हापासून वहिनी भेटेल त्याला सांगते, त्या पहिल्या डॉक्टरांकडे जाऊ नका, त्यांना काही कळत नाही. ती सांगत असते, आणि मी शेजारी उभा असतो.

वेळेवर कळलं असतं तर हाड मोडलंच नसतं असं म्हणता येत नाही, असं हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले होते. या वाक्याला मी फार दिवस लटकलो. पण हाडाचं सोडा — तीन वर्षं तो माणूस स्वतःला ऐतखाऊ समजत होता, ते कुठल्या एक्स-रेत दिसणार?

औषधं चालू आहेत. जादू झालेली नाही, काठी सुटणार नाही. पण पेपर पुरा वाचतो आता, वहिनीशी वाद घालतो. गेल्या महिन्यात त्यानं मला चहाला खाली बोलावलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "सुहास, म्हणजे मी आळशी नव्हतो. नाही का रे?"

"नाही, दादा."

"मलाच तसं वाटायला लागलं होतं. तुम्ही बोललात त्याचं काही नाही हं. तुम्हाला तरी काय कल्पना असणार?"

किती समाधानानं विचारत होता. त्याच्या तोंडाकडे बघत मी म्हणालो, "हो ना. कुणालाच कल्पना नव्हती."