कुमुदताईंच्या बॅटऱ्या

बॅटरी चार्जरमधून काढली की कुमुदताई आधी तिला हाताची उलटी बाजू लावून बघत. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तशी. मग म्हणत, "अजून कढत आहे. अर्धा तास थांबा." साइटवर निघालेला माणूस बूट घालून उभा असे, खाली रिक्षा थांबलेली असे. ताईंना त्याचं काही नसे.

आमचं सर्व्हेचं ऑफिस नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर होतं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत साहेबांनी परदेशातून हातात मावणारे दोन जीपीएस आणले. उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते सांगणारं असं यंत्र आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. सोबत तीन बॅटऱ्या होत्या. आम्ही इंजिनिअर मंडळींनी वाटेल तेव्हा चार्जिंगला लावून, उन्हात जीपमध्ये विसरून, वर्षभरात त्यांतली एक मारली. नवी इथे मिळेना. तेव्हा साहेबांनी उरलेल्या दोन कुमुदताईंच्या ताब्यात दिल्या.

ताई आमच्या टायपिस्ट. पन्नाशी उलटलेल्या, डोंबिवलीला म्हाताऱ्या आईबरोबर राहणाऱ्या. ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्यांच्या टाइपरायटरवर कव्हर चढलं ते चढलंच. आता आपल्याला घरी बसवणार हे त्यांनी ओळखलं होतं. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन आठवडाभर वाचलं. त्या जातीची बॅटरी अर्धवट संपलेली असताना पुन्हा पुन्हा चार्ज केली, तर तिला तेवढ्यावरच दमायची सवय लागते, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. "तिला नीट भूक लागू द्या, मग पोटभर वाढा," त्या सांगत. "येता-जाता तोंडात काहीबाही कोंबलं तर मुलं पानावर बसून जेवतात का?" बॅटरीची टोकं त्या खोडरबराने घासून लख्ख करत.

एका सकाळी मला कळव्याच्या बाजूला खाडीत जायचं होतं. एक बॅटरी दुसऱ्या यंत्राबरोबर दुसऱ्या साइटवर गेलेली, दुसरी नुकतीच चार्जिंगला लावलेली.

"आज नका नेऊ. दुपारपर्यंतसुद्धा टिकायची नाही," ताई म्हणाल्या.

भरतीची वेळ काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. मी बॅटरी चार्जरमधून ओढून घेतली.

होडी पांडूदादा कोळ्यांची होती. तिवरांच्या आत दहा ठिकाणच्या नोंदी घ्यायच्या होत्या. चौथ्यालाच यंत्र बंद पडलं. "पानी वसरतंय ताई, बेगीन निंगू. नायतं चिखलान रुतू," ओहोटी लागलेली बघून दादा मला म्हणाले. त्यांना वाट सांगायला यंत्र लागत नव्हतं. त्यांनी मला सुखरूप किनाऱ्याला आणलं, पण काम राहिलं. होडी आत शिरेल एवढं उधाण पुन्हा पंधरा दिवसांनीच येणार होतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बॅटरी पूर्ण चार्ज केलेली नव्हती." हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते फार सहज तोंडातून निघालं.

त्यांनी माझ्यासमोरच ताईंना बोलावलं. "एवढं एकच काम दिलंय तुम्हाला. तेही होत नसेल तर महिनाअखेरीला बघू काय करायचं ते."

"बरं, सर," म्हणून ताई आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मी त्यांच्यामागोमाग गेले. "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं," मान वर न करता त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि बॅटरी माझ्याच ताब्यात होती ना. मीच तुमचा हात धरायला हवा होता."

मला तिथे उभं राहवेना. मी परत केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "यापुढे त्या नाही म्हणाल्या तर नाही. मलासुद्धा." ताईंची नोकरी राहिली. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना अळूवडीचा डबा तेवढा माझ्याकडे सरकवला.

पंधरा दिवसांनी मी त्यांना हट्टाने खाडीत नेलं. "मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत त्या होडीत चढल्या. पदर खोचून, एका हाताने होडीचा काठ धरून बसल्या. दुसऱ्या हातात यंत्र मीच दिलं. दहाही नोंदी झाल्या.

पुढे आईच्या आजारपणात त्यांनी नोकरी सोडली. आई गेली आणि वर्षभरात त्याही गेल्या. मला त्या आठवतात ते त्या होडीतल्या. "हे आकडे म्हणजे आपण?" त्यांनी विचारलं होतं.

"हो. आत्ता आपण इथे आहोत."

ताईंनी आकडे दोनदा वाचले. मग चष्मा काढून तिवरांकडे, पाण्याकडे, पलीकडे चिखलात उभ्या असलेल्या बगळ्यांकडे बघत राहिल्या.

"आईला सांगितलं पाहिजे," त्या म्हणाल्या, "मी कुठवर आले होते ते."