इतिहास येऊन राह्यला

सकाळी दारव्हा रोडवर फिरताना धुक्यातून आधी कॉलेजातल्या एका मुलीच्या जाड हातमोज्यांची टपटप ऐकू येते, मग शर्यतीची लांबट, तीनचाकी व्हीलचेअर दिसते. चाकं ढकलता ढकलता ती इतिहासाच्या परीक्षेची उत्तरं पुटपुटत असते. "काका, बाजूले व्हा, इतिहास येऊन राह्यला," म्हणते आणि कापसाच्या शेतांमधून पुढं विरून जाते.

ती पदक जिंकून आली तेव्हा कॉलेजनं सत्कार ठेवला. स्टेजला नुसत्या पायऱ्या होत्या. चौघं तिला खुर्चीसकट उचलायला धावले.

"मले उचलू नका," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच खाली या न."

प्राचार्य शाल-नारळ घेऊन खाली उतरले.

आता त्या स्टेजला उतार बांधलाय. सिमेंट ओलं असतानाच कुणीतरी त्यावरून वर गेलेलं दिसतं. चाकांच्या तीन रेघा आहेत, पायाचा ठसा एकही नाही.