पीक आलं का?

माणसं खोलीत शिरली की दिवा लावतात. आमच्या बाई शिरल्या की दिवा विझवायच्या. मग पडदे ओढायच्या, दाराखालच्या फटीला पायपुसणं सारायच्या आणि त्या मिट्ट काळोखात समाधानानं म्हणायच्या, "हां. आता दिसंल." केमिस्ट्री विभागात सगळे त्यांना अंधारबाई म्हणायचे, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा नव्या शिपायानं त्यांच्या दारात उभं राहून, "अंधारबाई हायत का?" असं विचारलं. आतून उत्तर आलं, "हाय की. दार लाव आधी."

अंधाराचं कारण साधं होतं. धातूच्या अणूला कार्बन मोनॉक्साईडचे रेणू चिकटलेले असतात, अशा संयुगांवर आमचं काम चालायचं. त्यांच्यावर उजेड पडला की एखादा रेणू सुटून जातो आणि जागा रिकामी होते. त्या जागेवर कोण येऊन बसतं, ते शोधायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांना बाई सांगायच्या, "बशीत जागा झाली की कोण बसतंय, एवढंच बघायचं. पर उतरणाऱ्यानं कुठल्या स्टॉपला उतरायचं, ते आपण ठरवायचं." म्हणजे ठरलेल्या रंगाचा दिवा, ठरलेला वेळ. त्याच्या आधी कवडसासुद्धा चालायचा नाही. आमच्या बाटल्या कायम चपात्यांसारख्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या असत.

मी कबनूरची. घराला लागून यंत्रमाग, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलतच नाही. बोललं तर ऐकू कुणाला येणार? विद्यापीठात बाईंच्या हाताखाली पीएचडीला आले तेव्हा माझ्या आवाजाला सगळे दचकायचे. बाईंनी मात्र एकदाही "मुल्लाणी, हळू बोल" म्हटलं नाही. त्यांचं माहेर म्हणा, घर म्हणा, बिद्रीकडचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. वर्गात त्या छापील मराठी आणि इंग्रजी बोलायच्या, आणि अंधारखोलीचं दार लागलं की थेट गावच्या भाषेवर यायच्या. चिडल्या की त्यात आईकडची कानडी मिसळायची. ती मला कळत नसे आणि ते बरंच होतं.

संध्याकाळी निघताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, "काय उजेड पाडलास आज?" दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर मी भांडले असते. पण बाईंना खरोखरच कुठला उजेड, किती वेळ, कशावर, एवढंच हवं असायचं. मी सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "मग पीक आलं का?"

पीक म्हणजे आलेखातलं टोक. इंग्रजी शब्द, पण आमच्या विभागात तो केव्हाच मराठी झाला होता. कुठल्या संयुगाचं पीक कुठं येतं ते ठरलेलं असतं, त्यावरून बाटलीत काय तयार झालं ते कळतं. गंमत अशी, की आमच्या यंत्रावर ही टोकं वर न जाता खाली यायची. पहिल्या दिवशी मी कागद उलटा धरला, तर बाईंनी हातातून घेऊन सुलटा केला. म्हणाल्या, "आपलं पीक भुईमुगाच्या शेंगांचं. खाली बघायचं."

एकदा सिटी बसमधून जाताना आमचा वाद पेटला. काल इतकं चांगलं आलेलं पीक आज गेलं कसं, म्हणून मी तावातावानं विचारत होते, आणि माझा आवाज मी सांगितलाच आहे. पुढच्या बाकावरचे फेटेवाले आजोबा शेवटी मागं वळले. चेहरा अगदी कळवळलेला. "कसला रोग पडला वो, बाई?" मी हसू दाबलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "उजेडाचा." आजोबांनी बराच वेळ मान हलवली आणि उतरताना एका औषधाचं नाव सांगून गेले.

माझ्या फेलोशिपचं शेवटचं वर्ष होतं आणि बाईंच्या नोकरीचंही, तेव्हा ते पीक आलं. दोन धातूंच्या संयुगावर निळा दिवा टाकला, की तीन धातूंचा एक चिमुकला पुंजका तयार होतो, असं त्यावरून दिसत होतं. असं कुणी पाहिलेलं नव्हतं. आम्ही ते पुन्हा पुन्हा काढलं आणि दर वेळी आलं. पेपर लिहिला, बाहेरच्या चांगल्या मासिकाकडे पाठवला, आणि त्यांनी तो घेतला. बाईंनी विभागात पेढे वाटले. माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग तोच होता. तेवढा झाला की पदवी. अब्बांनी तर गल्लीभर सांगूनही टाकलं, की पोरगी आता डॉक्टर होणार. वर, "सुई मारायची न्हाय, दुसरी" असं समजावूनही ठेवलं.

आणि मग एका दुपारी बाई बाहेरच्या उन्हातून तडक अंधारखोलीत आल्या. एरवी अशा वेळी त्यांना डोळे निवळेपर्यंत भिंत धरून उभं राहावं लागे. त्या दिवशी दार लावलं, आणि लगेच समोरच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. मोठ्यानं वाचली. मग वर दिव्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मुल्लाणी, एवढं दिसायला नको."

आमच्या खोलीत कामापुरता एक लाल दिवा असे. लाल उजेड आमच्या संयुगांना बाधत नाही. तो दिवा मागे उडाला होता आणि तसा कुठं मिळाला नव्हता. तेव्हा गणपतीचे दिवस होते, महाद्वार रोडला मखराचं सामान भरलेलं. बाईंनी स्वतः लाल जिलेटीन कागद आणून साध्या बल्बला गुंडाळला होता. चांगले दोन-तीन पदर. पण बल्बच्या धगीनं तो कागद महिनोनमहिने विटत गेला आणि साधा उजेड खोलीत झिरपू लागला. आम्ही रोज त्यातच वावरत होतो, आम्हाला कळलंच नाही.

त्याच दुपारी त्यांनी एक नमुना नुसता त्या खोलीत उघडा ठेवायला लावला. निळा दिवा लावायचाच नाही. मग तो यंत्रावर घातला. आमचं पीक आलं, जसंच्या तसं. म्हणजे जे निळ्या दिव्यानं घडतं असं आम्ही जगाला सांगत होतो, ते दिवा लावायच्या आधीच झालेलं होतं. पुंजका वगैरे काही नव्हता. आमचा माल हाताळता हाताळताच नासत होता, आणि ते पीक त्या नासलेल्या मालाचं होतं. बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "हे पीक न्हवं. तण हाय."

पेपर मागं घ्यायचा, असं त्यांनी तिथंच सांगितलं. फेलोशिप संपत आलेली, घरी बोलून बसलेले, आणि ह्यांना आता हे सुचतंय! मी माझ्या कबनुरी आवाजात म्हणाले, "बाई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं हाय की," त्या म्हणाल्या.

एवढंच. रागावल्या नाहीत, तत्त्व सांगितलं नाही. मी मात्र घरी जाऊन रडले, बाईंना नाही नाही ते बोलले. पुढच्या आठवड्यात विभागाच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि "कागद मी गुंडाळला होता, चूक माझी," असं सगळ्यांसमोर सांगितलं. ज्यांना त्यांच्याबद्दल पोटदुखी होती, त्यांनी निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा "उजेड" शब्दावर कोट्या करून घेतल्या. बाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. मला त्या माणसांचा अजून राग येतो.

निवृत्त झाल्यावर माणूस सुटतो. बाई सुटल्या नाहीत. कळंब्याच्या घरातून स्कूटीवरून रोज यायच्या. त्यांची खोली दुसऱ्याला दिलेली होती, म्हणून अंधारखोलीतल्या स्टुलावर बसायच्या. खराखुरा लाल दिवा त्यांनी पुण्याहून मागवला. सगळं पहिल्यापासून सुरू केलं. फेलोशिप संपल्यावर मी सकाळी एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे आणि दुपारी येऊन त्या स्टुलाशेजारी उभी राहायचे. मला आशा होती, की खऱ्या अंधारातही तो पुंजका कुठंतरी सापडेल. बाईंनाही असणार. त्या बोलल्या नाहीत, पण कागद यंत्रातून बाहेर येताना त्यांचा हात माझ्या मनगटावर असायचा.

शेवटी एका दुपारी मीच म्हणाले, "न्हाय आलं, बाई."

"नक्की?"

"अंधारात बघितलं, उजेडात बघितलं. न्हाय."

त्यांनी मनगट सोडलं. "मग तसं लिही."

मी तसं लिहिलं. काय तयार होत नाही आणि आम्ही कसे फसलो, यावर माझ्या प्रबंधात एक आख्खं प्रकरण आहे. त्यावरच मला पदवी मिळाली. विटलेला जिलेटीन कागद बाईंनी मला बक्षीस म्हणून दिला. तो आज माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाराच्या आत चिकटवलेला आहे. पोरांना वाटतं, गणपतीत राहून गेला.

बाई पुढं भावाकडे बिद्रीजवळ गेल्या. आठवण जायला लागली होती. गेल्या हंगामात मी भेटायला गेले, तेव्हा साखर कारखान्याचं गाळप जोरात होतं, रस्ताभर उसाच्या गाड्या. भाऊ दारातच म्हणाले, अक्का कुणाला ओळखत नाहीत, पण दिवसभर एकच विचारतात, पीक आलं का. "मी सांगतोय, आलंय अक्का, यंदा ऊस झकास हाय. तर मान हलवत्यात, रडाय लागत्यात. रानात नेऊन दाखवलं, तरी न्हाय पटत."

आत खिडकीवर जाड चादर टाकलेली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही. मी शेजारी बसले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पीक आलं का?"

माझ्या मोठ्या आवाजाला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. "न्हाय आलं, बाई," मी म्हणाले. "अंधारात बघितलं, उजेडात बघितलं. न्हाय."

मग त्यांनी मनगट सोडलं. "मग तसं लिही," म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या. बऱ्याच दिवसांनी दुपारच्या झोपल्या, असं भाऊ म्हणाले.

महिन्याभरात बाई गेल्या. भावाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, तुम्ही येऊन गेल्यापासून अक्कांनी पिकाचं पुन्हा विचारलं नाही.