पाच-सहाबाई

सगळं जग एकपासून मोजतं, आमच्या बाई पाचपासून मोजायच्या. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की हात वर करून त्या म्हणायच्या, "पाच, सहा, सात, आठ", आणि मग चाळीस बायका एकदम उजवा पाय उचलायच्या. एक, दोन, तीन, चार कुठे गेले हे कुणी विचारलं नाही. रत्नागिरीत त्यांना नाव मात्र लगेच पडलं, पाच-सहाबाई. भाजीवालीसुद्धा तेच म्हणायची.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. संगीतावरचा व्यायाम म्हणजे काय हे आमच्याकडे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई लग्न होऊन मुंबईला गेल्या होत्या. तिथल्या एका हॉलमध्ये त्या हे शिकल्या आणि पुढे शिकवूही लागल्या. सहा वर्षांनी नवऱ्याने दुसरं घर मांडलं, तेव्हा एक बॅग आणि तो टेपरेकॉर्डर घेऊन त्या भावाकडे परत आल्या. भावाच्या घरी परत आलेल्या बहिणीला काय मिळतं ते आपल्याकडे सांगावं लागत नाही. मागची पडवी मिळते आणि विळी मिळते. बाईंनी तीन महिने नारळ खवले. चौथ्या महिन्यात महिला मंडळाचा हॉल मागितला आणि वर्ग सुरू केला. वहिनीला त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी सहाला जात्ये. दुपारी मधे येऊन जेवीन."

मी त्या वेळी शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. वजन वाढलं म्हणून पहिल्या आठवड्यातच नाव घातलं.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. बाई म्हणाल्या, "डावा पाय." कुणी हललं नाही. पुढच्या रांगेत आमच्या खोतीणकाकू होत्या, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून आलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "डाव्या पायाने सुरुवात कोण करतं गो? उजवा काढ." मागून चार जणींनी माना हलवल्या. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, उजवा." त्या दिवसापासून आमच्या वर्गात प्रत्येक उडी, प्रत्येक लाथ उजव्या पायाने सुरू झाली. बाई आमच्याकडे तोंड करून उभ्या असायच्या, त्यामुळे आम्हाला उजवा दिसावा म्हणून त्यांचा डावा असायचा. पाठ करून उभ्या राहिल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. पण त्या म्हणायच्या, "पाठ केली की मागची रांग घरी जात्ये."

शिकवणं कसं असावं ते मी शाळेत नाही, त्या हॉलमध्ये शिकले. बाई पुढे उभ्या राहून शोभेचं काही करायच्या नाहीत. दोन गाणी झाली की शेवटच्या रांगेत जायच्या, कारण ज्यांना जमत नाही त्या बायका तिथे लपतात. कुणाची कंबर धरते, कुणाचं बाळंतपण नुकतंच झालंय, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. ऐन उड्यांच्या मध्ये त्या एखादीला विचारायच्या, "आज आमटी कसली?" ती "कुळथाची" असं नीट म्हणाली तर ठीक. नुसतं "कु… कु…" झालं की बाई तिला जागच्या जागी चालायला लावायच्या. "बोलता आलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. "बोलणं तुटलं की शरीर नको म्हणतंय असं समजायचं." त्यामुळे कुणाच्या घरी आज काय शिजलंय ते सगळ्या हॉलला कळायचं, आणि परत जाताना वाटीभर उसळीची देवाणघेवाण ठरायची.

बाईंना मात्र आमटी कसली ते कुणी विचारलं नाही. हे मला आता सुचतंय.

पहिल्या वर्षी दोन तुकड्या होत्या. दुसऱ्या वर्षी सहा झाल्या. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन, रविवार सोडून रोज. मिरकरवाड्यातल्या बायका मासळीची टोपली रिकामी झाली की दुपारी यायच्या, आणि त्यांच्याइतक्या मोकळ्या उड्या आम्हा शिक्षिका-कारकूनबाईंना जन्मात जमल्या नसत्या. बाई सहाही तुकड्यांत प्रत्येक गोष्ट स्वतः करायच्या. उभं राहून नुसतं तोंडाने सांगणं म्हणजे त्यांच्या मते बायकांना फसवणं. खाली कोबा, पायात कापडी बूट. मार्गशीर्षापासून त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. गालात ज्येष्ठमधाची काडी ठेवून त्या मोजायच्या.

मी एकदा म्हटलं, "बाई, दुपारची एक तुकडी बंद करा."

"दुपारच्या बायकांना घरातून सुटायला तेवढीच वेळ मिळत्ये. ती बंद केली की त्या कुठे जातील?"

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जाऊ?" त्या म्हणाल्या, आणि कॅसेट उलटी करायला वळल्या.

मला राग आला होता. त्यांचा नव्हे, आम्हा सगळ्यांचा. चाळीस-चाळीस बायका रोज घाम गाळून ताज्यातवान्या होऊन घरी जात होत्या आणि एक बाई रोज थोडी थोडी संपत होती, हे दिसत असूनही आम्ही उद्याची वेळ विचारत होतो.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास डावा गुडघा सुजला. डॉक्टरांनी विचारलं, "डावाच का?" बाईंना सांगता येईना. मी त्यांच्याबरोबर गेले होते. घरी येऊन मी बसले आणि आठवून आठवून मोजलं. एका पायावरच्या उड्या पहिल्या बाजूला सोळा व्हायच्या. दुसऱ्या बाजूला येईपर्यंत आम्ही दमलेल्या असायचो, म्हणून बाई आठांवर थांबवायच्या. आमचा पहिला उजवा, म्हणजे त्यांचा पहिला डावा. आम्हाला दिवसातून एकदा, त्यांना पहिल्या वर्षी दोनदा आणि पुढे सहा वेळा, आठवड्याचे सहाही दिवस. खोतीणकाकूंच्या शकुनाचा भार एका गुडघ्याने वाहिला होता. मी हे सांगितलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला रडू आलं.

सहा आठवडे पूर्ण विश्रांती असं डॉक्टर म्हणाले होते. ऐकलं तर गुडघा राहील, नाहीतर पुन्हा उडी विसरा, असंही म्हणाले. बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तू घे. तुला येतं सगळं." दिवाळीची सुट्टी लागत होती. मी सहाही तुकड्या घेतल्या.

पहिल्या दिवशी हॉल भरलेला होता. चौथ्या दिवशी अर्धा. माझं मोजणं बरोबर होतं, गाणी तीच होती, पण बायका दाराकडे बघायच्या. "बाई कधी येणार?" हा एकच प्रश्न. मला शेवटच्या रांगेत जायचं सुचायचं नाही, कारण मला माझाच श्वास पुरायचा नाही. रात्री पाय ठणकायचे. सकाळी उठताना त्या हॉलची चीड यायची, नंतर बायकांची यायला लागली. बाईंनी हे इतकी वर्षं कसं केलं ते मला अकरा दिवसांत कळलं. अकराव्या दिवशी दुपारच्या तुकडीला सात जणी होत्या.

संध्याकाळचे दोन्ही वर्ग रद्द करून मी त्यांच्या घरी गेले. बाई मागच्या पडवीत पाय लांब करून बसल्या होत्या, पुढ्यात विळी आणि अर्धा खवलेला नारळ. सूज उतरली होती. चेहरा कितीतरी दिवसांनी भरलेला दिसत होता.

"किती जणी येतात?" त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हणाले. "बाई, मला नाही जमत. तुम्ही नुसत्या खुर्चीवर येऊन बसा. तुम्हाला बघितलं की त्या येतील."

"मी खुर्चीवर बसणारी नाही गो. तुला माहित्येय."

मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "नुसत्या बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने आल्या. बातमी कशी पसरली कोण जाणे, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलं गाणं त्यांनी बसून काढलं, नुसत्या हातांनी. दुसऱ्या गाण्याला खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून त्या उठल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं. मी बाजूला झाले आणि त्यांना पुढची जागा करून दिली. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं.

सोळांतल्या सातव्या उडीला त्या पडल्या. पुढे कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली, ती साधली नाही. काठी आली. हॉल महिन्याभरात पापड-मसाल्याच्या वर्गाला गेला. बाई पुन्हा त्याच पडवीत जाऊन बसल्या आणि पुढची सगळी वर्षं तिथेच राहिल्या. मी जायची, पण दर खेपेला दारापाशी पाय अडायचे.

एकदा त्यांनी स्वतःच विषय काढला. नारळाची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू बोलावलं नसतंस तरी मी आलेच असते."

मी मान हलवली. पण ते खरं नव्हतं. हॉल ओस पडत चालल्याचं त्या अकरा दिवसांत त्यांना रोज कुणी ना कुणी येऊन सांगत होतं, आणि त्या आल्या नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणासाठी उठल्या नव्हत्या. त्या बऱ्या होत होत्या. मी दमले होते, म्हणून त्या आल्या.